एज ऑफ एम्पायर्स २: मॉडरेट कॉम्प्युटरसुद्धा धूळ चारतोय, सुरुवात नेमकी कशी करू?

नवखा_किल्लेदार

नमस्कार मंडळी. शाळेत असताना नेट कॅफेत बसून एज ऑफ एम्पायर्स २, म्हणजे गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा गेम, खेळायचो. खेळायचो म्हणजे काय, ‘हाउ डू यू टर्न धिस ऑन’ हा चीट कोड टाइप करायचा, मध्ययुगात चक्क मोटारगाडी काढायची आणि समोरच्याचं गाव उडवून लावायचं. कॅफेवाला काका ओरडेपर्यंत हाच धंदा. आता लॅपटॉपवर डेफिनिटिव्ह एडिशन (गेमची नवी आवृत्ती) घेतली आहे. चीट न वापरता खेळायचं असं ठरवलं, आणि मॉडरेट (मध्यम अवघड) कॉम्प्युटर रोज बडवतोय. त्याच्या वर अजून हार्ड, हार्डेस्ट, एक्स्ट्रीम अशा पायऱ्या आहेत हे बघून पोटात गोळा येतो.

कालच्या डावाचा हिशेब देतो. नकाशा अरेबिया, एकास एक. पंचविसाव्या मिनिटाला मी कॅसल एजमध्ये (गेमचा तिसरा कालखंड) होतो. व्हिलेजर (कामकरी माणसं) ३८, त्यातले ८ दगडाच्या खाणीवर. गावाभोवती पूर्ण दगडी तटबंदी, तीन टॉवर, एकच टाउन सेंटर (व्हिलेजर काढणारी गावाची मुख्य इमारत). सैन्य म्हणाल तर ९ आर्चर (तिरंदाज) आणि ४ स्पिअरमन (भालेकरी). जवळ १४०० लाकूड, ९०० फूड, १५० सोनं. लूम आणि व्हीलबॅरो या व्हिलेजरच्या सुधारणा केलेल्या होत्या. तोवर माझा एकही व्हिलेजर मेला नव्हता. मग तो नाइट (घोडेस्वार) आणि दोन रॅम (तट-दरवाजे फोडणारी यंत्रं) घेऊन आला, दरवाजा फोडला, आणि सात-आठ मिनिटांत खेळ खल्लास.

प्रश्न असे: सैन्याला सोनं पुरत नाही त्याचं काय करू? तटबंदी आणखी जाड करावी का? सुरुवातीला कुठली सिव्हिलायझेशन घ्यावी? यूट्यूबवर बिल्ड ऑर्डरचे (काय कधी बांधायचं त्या क्रमाचे) व्हिडिओ पाहिले, पण ती मंडळी इतक्या भरभर बोलतात की पहिल्या दोन मिनिटांतच मी मागे पडतो.

---

लाकूडतोड्या

किल्लेदार, आकडे दिलेत ते फार बरं केलंत. बहुतेक जण ‘हरतोय, काय करू’ एवढंच लिहून मोकळे होतात. मी सांगलीत टॅक्सची कामं करतो, त्यामुळे कुणी आकडे समोर ठेवले की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो.

एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात. २५ मिनिटं म्हणजे १५०० सेकंद. त्यातून फ्यूडलला (कॅसलच्या आधीचा कालखंड) जायचे १३० आणि कॅसलला जायचे १६० वजा करा, कारण तेवढा वेळ टाउन सेंटर अडकलेलं असतं. लूमचे २५ आणि व्हीलबॅरोचे ७५ काढा. उरले १११०. भागिले २५, म्हणजे ४४ व्हिलेजर. सुरुवातीचे ३ धरून ४७. तुमच्याकडे ३८ होते आणि एकही मेलेला नव्हता. म्हणजे ९ जण जन्मालाच आले नाहीत. तुमचं टाउन सेंटर जवळजवळ पावणेचार मिनिटं हातावर हात ठेवून बसलं होतं. आणि त्याच वेळी ९०० फूड पडून! एक व्हिलेजर ५० फूडचा, म्हणजे १८ जणांचे पैसे खिशात असताना माणसं घेतली नाहीत.

दुकानदाराने गल्ल्यात रोकड ठेवावी आणि शेल्फं रिकामी ठेवावीत, तसला प्रकार झाला हा. या खेळात शिल्लक टाकण्याला बक्षीस नाही. स्क्रीनच्या वर जे चार आकडे दिसतात ते जितके लहान, तितकं बरं चाललंय समजा.

आता हे ९ जण असते तर काय झालं असतं ते बघा. नाइटला ६० फूड आणि ७५ सोनं लागतं, तयार व्हायला ३० सेकंद. एक स्टेबल (घोडदळ काढणारी इमारत) अखंड चालवायचा तर सेकंदाला २ फूड आणि अडीच सोनं हवं. शेतावरचा किंवा सोन्यावरचा माणूस सेकंदाला साधारण एक तृतीयांश, फार तर थोडं जास्त आणतो. म्हणजे एका स्टेबलमागे सहा-सात शेतकरी आणि सात खाणवाले. दोन स्टेबल आणि व्हिलेजर काढणारं टाउन सेंटर मिळून शेतावर २० आणि सोन्यावर १४ माणसं लागतात. बाकीची १३ लाकडावर. झाले ४७. मिनिटाला चार नाइट, न थांबता. वीस शेतांना प्रत्येकी ६० प्रमाणे १२०० लाकूड लागतं. तुमच्याकडे १४०० नुसतं पडलं होतं. तेव्हा सोनं पुरत नाही ही तक्रारच मला मान्य नाही. सोन्यावर माणसं नव्हती, दगडावर होती.

दगडावरूनच पुढचं बोलतो, कारण खरी गोम तिथे आहे. डाव सुरू होताना प्रत्येकाला २०० दगड मिळतो. तो कशासाठी? कॅसल एजमध्ये नवीन टाउन सेंटर बांधता येतं, २७५ लाकूड आणि १०० दगडात. म्हणजे खाणीवर एकही माणूस न पाठवता दोन जास्तीची टाउन सेंटरं तुमच्या खिशातच असतात. एक टॉवर १२५ दगड खातो. पहिला टॉवर उभा केला त्याच क्षणी उरला ७५, म्हणजे दोन्ही टाउन सेंटरं गेली. तटबंदीच्या दर चौकटीला ५ दगड, तेव्हा पूर्ण गाव वेढायला किती गेला असेल तो तुम्हीच मोजा. तीन टाउन सेंटरं चालू असतील तर २५ सेकंदांना तीन माणसं निघतात. तुम्ही तटाच्या आत सुरक्षित बसून एकेक काढत होतात आणि तो बाहेर सगळ्या नकाशाचं सोनं खात होता.

तट जाड करू नका. लाकडी पॅलिसेड (कुंपण), तेही जंगल आणि जंगल यांच्यामधल्या फटीत. बाकी जागी घरं बांधायचीच असतात, ती ओळीने बांधा, भिंतीचं काम करतात.

पहिल्या आठ मिनिटांबद्दल. बिल्ड ऑर्डर पाठ करू नका, तिच्यामागचा हिशेब समजून घ्या म्हणजे गडबड झाली तरी सावरता येतं. डाव सुरू होतो तेव्हा ३ व्हिलेजर आणि १ स्काउट (टेहळणी घोडेस्वार), म्हणजे लोकसंख्या ४, आणि टाउन सेंटरमध्ये जागा ५ जणांचीच. म्हणून पहिल्याच सेकंदाला घरं. दोघे मिळून एक, तिसरा दुसरं. तेवढ्यात स्काउटने टाउन सेंटरभोवती गोल फिरून मेंढ्या शोधायच्या. चार अगदी जवळ असतात, आणखी चार जोडीजोडीने थोड्या लांब. मेंढ्या टाउन सेंटरच्या भिंतीला चिकटवून कापा, एका वेळी एकच. कापलेली मेंढी तशीच पडली की मांस कुजत जातं.

सगळे शिकवणारे ‘मेंढ्यांवर ६ जण’ म्हणतात. का ६? व्हिलेजरचे ५० फूड दर २५ सेकंदांना, म्हणजे सेकंदाला २ फूड. मेंढीवरचा माणूस सेकंदाला साधारण ०.३३ आणतो. सहा जण म्हणजे बरोबर २. त्या सहा जणांवर तुमचं टाउन सेंटर अखंड चालतं, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतरचे चार लाकडावर, लंबर कॅम्प झाडाला अगदी खेटून. मग एक जण रानडुक्कर ओढून आणायला. मग चार बेरीवर, शेजारी मिल. दुसरं डुक्कर. उरलेले बहुतेक लाकडावर. लोकसंख्या २२ झाली, म्हणजे २१ व्हिलेजर आणि स्काउट, की लूम करून फ्यूडलचं बटण दाबा. वेळ मोजा: १८ नवे व्हिलेजर आणि लूम, १९ गुणिले २५, म्हणजे ४७५ सेकंद. घड्याळात ७:५५. फ्यूडलमध्ये पोचाल १०:०५ ला. पहिल्या आठवड्यात ११ पर्यंत गेलात तरी मॉडरेटला पुरून उराल.

या सगळ्यात शेत कुठे आहे? नाही. १८ व्हिलेजरचे ९०० आणि फ्यूडलचे ५०० मिळून १४०० फूड लागतं, त्यातले २०० सुरुवातीला हातात असतात. आठ मेंढ्यांचे ८०० आणि दोन डुकरांचे प्रत्येकी ३४०, एवढ्यावरच जवळपास भागतं, बेरी वेगळ्याच. तरी नवखा माणूस चौथ्या मिनिटाला शेत टाकतो आणि ६० लाकूड तिथे पुरतो. शेतं फ्यूडलमध्ये.

सिव्हिलायझेशन फ्रँक्स. शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात, म्हणजे एक गोष्ट लक्षात ठेवायची कमी. घोडदळाला २० टक्के जास्त जीव, नाइट १०० ऐवजी १२० चा. नाइट यासाठी सांगतोय की त्याला पाठवून तुम्ही घराकडे बघू शकता. आर्चरना सारखं मागे-पुढे खेळवावं लागतं. नजर हटली की एका मँगोनेलच्या (दगडफेक्या यंत्राच्या) दगडात दहा जण जमीनदोस्त.

आठ-दहा नाइट झाले की त्याच्या लाकूडतोड्यांवर आणि सोन्यावर सोडा. टॉवर, कॅसल यांच्या नादी लागू नका, ते रॅमचं काम. एक रॅम १६० लाकूड, ७५ सोनं, आणि बाणांनी त्याला काही होत नाही. आणि हल्ला चालू असताना घरी स्टेबल चालूच ठेवायचा. लढाई बघायला मजा येते हे खरं, पण ती बघत बसलात की टाउन सेंटर पुन्हा झोपतं.

बोटांची सवय: एच दाबलं की टाउन सेंटर निवडलं जातं, मग क्यू दाबलं की व्हिलेजर. कुठेही असा, दर थोड्या वेळाने एच-क्यू. एकदम दहा लावून ठेवू नका, कारण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचे ५० फूड आधीच कापले जातात. दोन पुरेत. आणि पूर्णविरामाचं बटण रिकामा बसलेला माणूस दाखवतं.

---

अरेबियावाला

काका नेहमीप्रमाणे पूर्ण ताळेबंद मांडून गेले 😄 पण २२ पॉप्युलेशन म्हणजे फारच निवांत हो. १९-२० ला क्लिक करा, बॅरॅक फ्यूडलला जाताजाता, पोचल्यावर लगेच स्टेबल, आणि स्काउट काढा. ८० फूडचा एक, सोनं लागतच नाही. सहा स्काउट त्याच्या लाकडावर फिरवले की कॉम्प्युटर गोंधळतो.

शिवाय कॅसल एजपर्यंत एकही सैनिक नाही ही सवय लागली तर ऑनलाइन गेल्यावर पहिल्याच डावात १२ व्या मिनिटाला घरात आर्चर घुसतात. मी रँक्डवर (ऑनलाइन क्रमवारीच्या डावांत) खेळतो, तिथे कुणी नाइटची वाट बघत बसत नाही. स्काउट काढा, समोरच्याने स्पिअरमन काढले की आर्चर, त्याने स्कर्मिशर (तिरंदाजांवर चालून येणारे भालाफेके) काढले की... असं ते चक्र. ते चक्र शिकणं म्हणजेच हा गेम.

हरणं पण ढकलून आणा स्काउटने. मागून जवळ गेलं की पुढे पळतात, टाउन सेंटरपर्यंत आणता येतात.

---

लाकूडतोड्या

@अरेबियावाला, बरोबर, पण हे त्यांना आत्ता नको. ज्याचं टाउन सेंटर पावणेचार मिनिटं बंद असतं त्याला सहा स्काउट फिरवायला लावलं तर ते सहा मिनिटं बंद राहील. स्काउटवर लक्ष, घरावर दुर्लक्ष. आणि हरणं ढकलणं? तुझ्या वयाच्या बोटांना जमतं ते, बाबा. मी प्रयत्न केला की हरीण भलतीकडेच जातं आणि इकडे घर बांधायचं राहतं.

फ्यूडलमध्ये दोन-चार स्पिअरमन मात्र ठेवावेत, ते मी लिहायला हवं होतं. ३५ फूड, २५ लाकूड, स्वस्तात मस्त. घोडेस्वाराला पाहिजे तितके टोचतात.

---

रेवाकाठ

मी इंदूरहून. रँक्ड वगैरेच्या वाटेला कधी गेले नाही, फक्त मोहिमा खेळते, त्याही हळू वेग ठेवून. एकट्याच्या डावात वेग कमी करता येतो हे इथे कुणी सांगितलंच नाही! घड्याळही त्याच वेगाने मंदावतं, त्यामुळे लाकूडतोड्या यांचे सेकंदांचे हिशेब तसेच लागू होतात. विचार करायला मात्र वेळ मिळतो.

किल्लेदारांनी थेट अरेबियावर उडी मारली, मला वाटतं तिथेच अवघड झालं. विल्यम वॉलेसची मोहीम मुळात शिकवण्यासाठीच केलेली आहे, १९९९ च्या मूळ गेमपासून. पहिल्या डावात फक्त माणसं चालवायची, दुसऱ्यात पोटापाण्याचं बघायचं, मग सैन्य, मग सुधारणा, असं एकेक पान उलगडतं. शेवटी फॉलकर्क. १२९८ मध्ये खरा वॉलेस तिथे इंग्रजांकडून हरला होता. इथे तुम्ही जिंकायचं आहे, तेव्हा इतिहासाचा पेपर असेल तर यावर विसंबू नका. नंतर जोन ऑफ आर्क. तिच्या पहिल्या डावात गाव वसवायचंच नसतं, मूठभर लोकांसह तिला शिनों या गावी सुखरूप पोचवायचं. दुसऱ्या डावात ऑर्लियाँ, आणि तिथे आयतं गाव हातात मिळतं. योगायोग बघा, फ्रँक्सच.

आपल्याकडचे राजे आहेत म्हणून लगेच राजेंद्र चोळाकडे धावू नका, हे खास सांगते. २०२२ च्या डायनेस्टीज ऑफ इंडियामध्ये बाबर, राजेंद्र आणि देवपाल अशा तीन मोहिमा आल्या. राजेंद्राची फार देखणी आहे. १०२५ मध्ये चोळांचं आरमार श्रीविजयावर गेलं होतं, त्यामुळे जहाजं आलीच, आणि जमीन आणि पाणी दोन्हीकडे बघता बघता नवख्याची दमछाक होते. दुसरं म्हणजे द्रविडियन्सकडे नाइट नाहीत. हिंदुस्तानी, बंगाली, गुर्जर, कुणाकडेच नाहीत. हत्ती, उंट, रथ असं वेगळंच काहीबाही. वर सांगितलेली नाइटची सगळी शिकवण तिथे जाऊन बसतच नाही. माझ्या भाच्याने नावं बघून गुर्जर निवडले आणि तासभर स्टेबलमध्ये नाइटचं बटण शोधत होता.

आर्ट ऑफ वॉर नावाचे छोटे सराव-डाव आहेत, तेही करा. अर्ली इकॉनॉमी, बूमिंग, फास्ट कॅसल. वेळेप्रमाणे कांस्य, रौप्य, सुवर्णपदक मिळतं. मला बूमिंगमध्ये अजून सुवर्ण मिळालेलं नाही आणि मला त्याची पर्वा नाही (आहे).

---

चंदेरी_मंक

माझे दोन पैसे: मठ बांधा, मंक काढा, १०० सोन्यात एक. त्याने महागडा हत्ती घेऊन यावं आणि तुम्ही मंत्र म्हणून तो आपला करावा, यासारखं सुख नाही. चॅटमध्ये ३० टाइप केलं की ‘वोलोलो’ ऐकू येतं, ते तर करायलाच पाहिजे. रेलिक (नकाशावर पडलेले पवित्र अवशेष) उचलून मठात ठेवले की काही न करता सोनं येत राहतं. बाकी हिशेब लाकूडतोड्या बघतील.

---

नवखा_किल्लेदार

सगळ्यांचे आभार. लाकूडतोड्या, तुमचा तो पावणेचार मिनिटांचा हिशेब बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली, घरातही कुणीतरी असाच हिशेब ठेवायला पाहिजे.

रेवाकाठ यांचं ऐकून वॉलेसची मोहीम सुरू केली, आणि रात्री एक डाव अरेबियावर फ्रँक्स घेऊन. फ्यूडल १०:५० ला! टॉवर शून्य. बत्तिसाव्या मिनिटाला मॉडरेटने शरणागती पत्करली. तीन टाउन सेंटरं केली, आणि लाकूड इतकं पटापट संपतं हे पहिल्यांदा अनुभवलं.

पण दोन अडचणी उरल्यात. रानडुक्कर आणायला पाठवलेला माणूस वाटेतच मरतो, किंवा डुक्कर अर्ध्यातून परत जातं. आणि तीन टाउन सेंटरं झाल्यावर निघालेली माणसं कुठे पाठवायची हे सुचत नाही, सगळी दारात गर्दी करून उभी राहतात.

---

लाकूडतोड्या

१०:५० म्हणजे उत्तम. अभिनंदन.

डुकराचं असं आहे. मेंढ्यांवरच्या माणसांतला पूर्ण जीव असलेला एक निवडायचा. लूमशिवाय त्याला २५ च जीव असतो, त्यामुळे आधी लांडग्याने चावलेला नको. तो डुकराला बाण मारतो. एक बाण लागला की ते पळत येतं, पण कधीकधी मध्येच मन बदलतं, म्हणून मी दुसरा बाण बसेपर्यंत थांबतो आणि लगेच टाउन सेंटरवर क्लिक करतो. नेमकं इथेच लोक चुकतात: माणसाला टाउन सेंटरच्या शेजारच्या जमिनीवर पाठवतात. जमिनीवर नाही, टाउन सेंटरच्या आतच पाठवायचं. तो दारातून आत शिरला की डुक्कर बाहेर गोंधळून उभं राहतं, आणि तेवढ्यात मेंढीवरचे बाकीचे सगळे निवडून डुकरावर सोडायचे. ते चवताळून त्यांच्यातल्या एकाकडे वळतं, पण सहा जणांच्या बाणांपुढे टिकत नाही. मग आतल्याला बाहेर काढा.

वेळ महत्त्वाची. पहिल्या मेंढीचं मांस संपत आलेलं असताना निघायचं, म्हणजे डुक्कर येईपर्यंत बाकीचे मोकळे होतात. दुसऱ्या डुकरासाठी पहिल्यात साधारण शंभर-सव्वाशे मांस उरलं असताना निघा. त्याचं अंतर जास्त असेल तर आणखी आधी. आणि वाटेत झाडं आडवी आली तर माणूस वळसा घालतो, डुक्कर गाठतं. तेव्हा निघण्याआधी रस्ता एकदा बघून ठेवा.

गर्दीचं उत्तर सोपं. टाउन सेंटर निवडून झाडावर उजवं क्लिक करा, की निघणारा प्रत्येक जण थेट तोडायला जातो. एक टाउन सेंटर लाकडाकडे, एक सोन्याकडे, तिसऱ्याभोवती शेतं. नवीन टाउन सेंटर बांधतानाच ते मोकळ्या मैदानात न बांधता जंगलाला किंवा सोन्याला लागून बांधायचं, म्हणजे वेगळा कॅम्पही लागत नाही. शेतं आपोआप पुन्हा पेरण्याची सोय मिलमध्ये आहे, ती चालू केलीत ना? डेफिनिटिव्हने दिलेल्या सोयींपैकी मला सगळ्यात आवडती तीच. जुन्या गेममध्ये शेत संपलं की शेतकरी तसाच उभा, आणि कळायचं पाच मिनिटांनी.

---

नवखा_किल्लेदार

पेरणीची सोय बंदच होती! आत्ता चालू केली. आता हार्ड लावू का?

---

लाकूडतोड्या

लावा. फरक एवढाच पडेल की तो लवकर येईल. ते दोन-चार स्पिअरमन आता खरोखर काढा, आणि लाकडाच्या ठिकाणी ठेवा, टाउन सेंटरपाशी नव्हे. टाउन सेंटरमध्ये १५ माणसं आत लपवता येतात आणि ती आत असली की तिथून बाण सुटतात. लाकूडतोडे बिचारे उघड्यावर असतात. नाव घेतलंय म्हणून मला त्यांची जास्त काळजी असते असं समजा.

---

अरेबियावाला

किल्लेदार, हार्डला एकटे कशाला, शनिवारी रात्री साडेदहाला मी लॉबी उघडतो. तुम्ही, मी आणि काका एकीकडे, समोर तीन हार्ड. पासवर्ड निरोपात पाठवतो. रेवाकाठ, तुम्हीपण या, चौथी जागा आहे, मग समोर चार करू.

माइक नसला तरी अडत नाही. चॅटमध्ये ३ टाकलं म्हणजे फूड हवंय, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड. फक्त मार्केट बांधून ठेवा, त्याशिवाय मला काही पाठवता येणार नाही.

---

रेवाकाठ

येते. पण वेग कमी ठेवणार असाल तरच.